ग्लायडरच्या चाकाचें दार

विमान म्हटलें कीं इंजिनाची घरघर प्रथम कानांपुढें उभी राहते. परंतु विमानांची एक जात अशीही आहे कीं जिच्यापाशीं इंजिनच नसतें. तिला ग्लायडर म्हणतात. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर ग्लायडर उडतांना ज्यांनीं पाहिले असतील त्यांना त्यांचें तें मौन ठाऊक असेल. दुसऱ्या विमानाच्या मागें दोर बांधून, किंवा जमिनीवरील विंच नांवाच्या यांत्रिक रहाटावर दोर वेगानें गुंडाळून, ग्लायडर वर चढवितात. दोर सुटला कीं पुढचा सारा प्रवास उंचीच्या भांडवलावर चालतो. उन्हानें तापलेल्या जमिनीवरून ऊन हवेचे जे स्तंभ वर चढतात त्यांत घिरट्या घालून घार जशी पंख न हालवितां उंच जाते, तसा ग्लायडरही उंची मिळवितो. आणि एका स्तंभाकडून दुसऱ्याकडे जातांना ती खर्च करतो.

अर्थात् ज्याची मिळकत अनिश्चित, त्याला खर्च जपूनच करावा लागतो. ग्लायडरचा खर्च किती असतो हें आंकड्यांनीं पाहण्यासारखें आहे. कांचतंतूच्या एका चांगल्या ग्लायडरचें चालकासह वजन ३५० किलो धरूं. शांत हवेंत ताशीं १०० किलोमीटर वेगानें जातांना तो १ मीटर खालीं उतरतो तोंच ४० मीटर पुढें गेलेला असतो. याचा दुसरा अर्थ असा कीं, त्याच्या साऱ्या अंगाला मिळून होणारा हवेचा रोध हा वजनाचा चाळिसावा भाग, म्हणजे पावणेनऊ किलो, एवढाच असतो. पंधरा मीटर पसाऱ्याचें यंत्र, त्यांत बसलेला मनुष्य, आणि त्यांना मागें ओढणारें बळ काय तें लहानशा बादलीभर पाण्याच्या वजनाएवढें! या पावणेनऊ किलोंचा शेंकडा एक काढला तर ८७ ग्रॅम येतो. दोन लिंबांचें वजन फार तर. तेवढा रोध कोठून तरी वाढला तर एक हजार मीटर उंचीवरून निघालेला ग्लायडर ४० किलोमीटरांऐवजीं सुमारें ४०० मीटर अलीकडेच जमिनीला टेकेल. शर्यतीच्या अखेरीस विमानतळाच्या कुंपणाच्या आंत उतरणें आणि बाहेर कोणाच्या तरी उभ्या पिकांत उतरणें यांत कित्येकदां एवढेंही अंतर नसतें.

तेव्हां हीं दोन लिंबें कोठें लपलेलीं असतात याचा शोध ग्लायडर बांधणारे आणि उडविणारे सतत घेत आले आहेत. पंखांचा आकार सुधारून झाला, अंग आरशासारखें गुळगुळीत करून झालें. मग राहिल्या त्या फटी. चालकाच्या डोक्यावरील पारदर्शक झांकणाची कड, पंख आणि धड यांचा सांधा, सुकाणूच्या बिजागऱ्या, आणि पोटाखालीं असलेलें चाकाचें दार. या सर्वांत चाकाचें दार हें अत्यंत हट्टी प्रकरण आहे.

आरंभींच्या ग्लायडरांना दाराची अडचण नव्हती, कारण चाकच नव्हतें. जर्मनींतील ऱ्होन डोंगरांमधील वासरकुप्पे या माथ्यावर १९२० सालीं ग्लायडरांची पहिली शर्यत भरली. त्या काळचे ग्लायडर लांकडी घसरपट्टीवर उतरत. पुढें पोटांत अर्धें बुडविलेलें एक चाक आलें आणि बरींच वर्षें तेवढ्यावर भागलें. परंतु वेग वाढूं लागले तसें तें बाहेर लोंबणारें अर्धें चाकही खुपूं लागलें. पक्षी उडतांना पाय पोटाशीं घेतो, तसें चाक आंत ओढून घ्यावें आणि वरून दोन पाखी दार लावून टाकावें, अशी युक्ति निघाली. खर्च वाढूं नये म्हणून 'स्टँडर्ड' वर्गाच्या ग्लायडरांना आरंभीं ही मुभा नव्हती. १९६७ सालीं प्रथम उडालेला स्टँडर्ड लिबेल हा ग्लायडर त्यामुळें स्थिर चाकाचा निघाला. नंतर नियम सैल झाला आणि त्याच घराण्यांतील पुढच्या कांहीं ग्लायडरांत चाक आंत जाऊं लागलें.

याच सुमारास ग्लायडरचें अंगही बदललें होतें. स्टुटगार्ट येथें तयार झालेला फीनिक्स हा कांचतंतूचा पहिला ग्लायडर १९५७ सालीं उडाला. लांकूड आणि कापड यांच्या अंगावर लहानसहान उंचवटे असावयाचेच. त्यांत एखादी फट सहज खपून जाई. कांचतंतूचें अंग सांच्यांतून निघतें आणि तें घोटून घोटून हवें तितकें नितळ करतां येतें. धुतलेल्या धोतरावर शाईचा ठिपका उठून दिसावा तशी मग प्रत्येक फट उठून दिसूं लागली.

पण दाराची फट म्हणजे नक्की काय अपराध करते? बाहेरची हवा फटींतून आंत शिरते आणि अडखळते, अशी सामान्य समजूत असते. ती अगदीं चुकीची नाहीं. परंतु मुख्य गोष्ट बहुधा उलटी असते. हवा आंतून बाहेर येते.

चालकाला ताजी हवा मिळावी म्हणून ग्लायडरच्या नाकाशीं एक लहान झरोका ठेवलेला असतो. समोरून येणारी हवा त्यांतून जोरानें आंत घुसते आणि धडाच्या पोकळींत थोडी दाबली जाते. बाहेर काय चाललें आहे तें पाहावें. हवा धडाच्या फुगीर पोटावरून वळसा घेऊन जातांना अधिक वेगानें धांवते. आणि प्रवाहाचा वेग वाढला कीं त्याचा दाब घटतो, हा नियम डॅनियल बर्नूली यानें १७३८ सालीं आपल्या ग्रंथांत मांडला तेव्हांपासून सर्वांना ठाऊक आहे. चाकाचें दार नेमकें या फुगीर भागावर येतें. आंत दाब जास्त, बाहेर कमी, आणि मध्यें केसाएवढी कां होईना पण एक वाट. हवा बाहेर पडणारच. पावसाळ्यांत वाऱ्याकडची खिडकी उघडी ठेवली आणि मागील दार नुसतें लोटलेलें असलें कीं दाराच्या फळ्यांमधून जो सूं-सूं आवाज येतो, तोच प्रकार येथें पोटाखालीं चाललेला असतो.

ही गळती किती महाग पडते याचा अंदाज साध्या अंकगणितानें करतां येतो. दार ६० सेंटिमीटर लांब आणि त्याचीं दोन पाखें मिळून २५ सेंटिमीटर रुंद धरूं. मधली एक फट आणि बिजागऱ्यांच्या दोन, अशा तीन लांब फटी १८० सेंटिमीटर झाल्या. पुढील आणि मागील टोंकांच्या दोन मिळून ५०. एकूण २३० सेंटिमीटर. फट सर्वत्र एकच मिलिमीटर आहे असें मानलें तरी क्षेत्रफळ २३ चौरस सेंटिमीटर भरतें. आगपेटीच्या पाठीहून मोठें भोंक पोटाला पाडलेलें असलें तर कोणता चालक तें खपवून घेईल? परंतु तेंच भोंक ताणून दोरीसारखें लांब केलें कीं डोळ्यांना दिसेनासें होतें. या भोंकांतून हवा सेकंदाला ८ मीटर वेगानें बाहेर पडते असें धरल्यास दर सेकंदास सुमारें १८ लिटर, म्हणजे २२ ग्रॅम, हवा जाते. ही हवा क्षणापूर्वी आकाशांत स्वस्थ होती. ग्लायडरनें तिला आंत घेऊन सेकंदाला २८ मीटर हा आपला स्वतःचा वेग दिला आणि मग खालीं टाकून दिली. हा वेग फुकट मिळत नाहीं. त्यासाठीं सतत लागणारें बळ सुमारें ६२ ग्रॅम वजनाइतकें येतें. पावणेनऊ किलोंशीं ताडून पाहतां ही रक्कम शेंकडा पाऊण एकाच्या जवळपास जाते. वेग दुप्पट झाला तर गळतीचा वेगही दुप्पट होतो आणि हें बळ चौपट. आणि शर्यतींत दोन ऊन स्तंभांमधील अंतर ताशीं दीडशें ते दोनशें किलोमीटरांनीं कापीत असतात, हें लक्षांत ठेवावयास हवें.

एवढ्यावर भागलें असतें तरी पुष्कळ होतें. खरें नुकसान याच्यापुढें आहे. धडाच्या पृष्ठालगत हवेचा एक पातळ थर असतो. पृष्ठाशीं घासल्यामुळें तो मंदावलेला, थकलेला असतो. दाराच्या मागें धड झपाट्यानें निमुळतें होत शेपटीच्या नळीला मिळतें. तेथें बाहेरचा दाब पुनः वाढत जातो, आणि या थकलेल्या थराला चढण चढावी लागते. धड नीट आंखलेलें असेल तर तो कसाबसा चढतो. परंतु नेमक्या चढणीच्या पायथ्याशीं दाराच्या फटींतून आडवी येणारी हवा त्यांत मिसळली तर थर जाड होतो, खळबळतो, आणि कधीं कधीं पृष्ठ सोडून देतो. मग त्या ठिकाणीं भोंवऱ्यांचा घोळका ग्लायडरच्या मागें फरफटत जातो. हा भाग अंकगणितानें काढतां येत नाहीं. ग्लायडराग्लायडरांत तो निराळा असतो. दाराचें एखादें पाख बंद झाल्यावरही मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर उभें राहत असेल तर त्याची पायरीही याच खात्यांत जमा होते.

बारीकसारीक गळत्या बुजविल्यानें काय साधतें याचें एक उदाहरण ग्लायडरच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, जरी तें केवळ चाकाच्या दाराचें नव्हे. अमेरिकेंत हार्लंड रॉस यांनीं आंखलेला आर-जे-५ हा ग्लायडर रिचर्ड जॉन्सन यांच्यासाठीं बनला. हवेच्या शांत प्रवाहाला अनुकूल असा नव्या तऱ्हेचा पंख त्याला दिलेला होता. परंतु प्रत्यक्ष उड्डाणांत अपेक्षेइतका गुण दिसेना. तेव्हां मिसिसिपी येथील सरकारी महाविद्यालयांत हवेच्या रोधाचा अभ्यास करणारे ऑगस्ट रॅस्पेट यांनीं तो हातीं घेतला. त्यांची पद्धत एखाद्या जुन्या हिशेबनिसाला शोभणारी होती. एक दोष काढावयाचा, उडवून मोजावयाचें, टिपून ठेवावयाचें. मग दुसरा दोष. पंखांवरील उंचसखलपणा घासून काढला, हवा जेथें जेथें झिरपत होती त्या वाटा बंद केल्या. असें करतां करतां तो ग्लायडर मीटरामागें ४० मीटरांच्या घरांत गेला. त्या काळीं ही गोष्ट अपूर्व होती. १९५१ सालच्या ५ ऑगस्ट रोजीं जॉन्सन टेक्ससमधील ओडेसा येथून निघाले आणि कॅन्ससमधील सलायना येथें उतरले. अंतर भरलें ५३५ मैल, म्हणजे ८६१ किलोमीटर. सोव्हिएत रशियाच्या ओल्गा क्लेपिकोव्हा यांनीं १९३९ सालीं केलेला ७४९ किलोमीटरांचा जागतिक विक्रम त्या दिवशीं मागें पडला. नवें इंजिन नाहीं, नवा पंख नाहीं. केवळ घासणें, बुजविणें आणि मोजणें.

आतां दाराकडे वळूं. पंख आणि धड यांचा सांधा बुजविणें सोपें आहे. मैदानावर ग्लायडर जोडून झाला कीं चालक त्या सांध्यावरून पांढरी चिकटपट्टी फिरवितो आणि संध्याकाळीं पंख उतरवितांना ती ओढून टाकतो. चाकाच्या दाराला असें करतां येत नाहीं. उड्डाणाच्या आरंभीं चाक खालीं हवें; दोर सोडल्यावर तें आंत जावयाचें; उतरण्यापूर्वी पुनः बाहेर यावयाचें. म्हणजे जी फट बुजवावयाची तीच आकाशांत उघडलीही पाहिजे, आणि तीही चालकाच्या एका हाताच्या जोरावर. या एका अटीमुळें साऱ्या कामाला निराळें वळण लागतें.

पहिलें काम गळती कोठें आहे तें शोधण्याचें. उड्डाणानंतर पोट पुसण्यापूर्वी त्याखालीं निजून पाहावें. फटीपासून मागें गेलेल्या धुळीच्या रेघा बहुतेक सर्व कथा सांगतात. रात्रीं चाकाच्या खोबणींत दिवा ठेवून दार लावावें आणि अंधारांत बाहेरून पाहावें; प्रकाश जेथून येतो तेथून हवाही येते. कागदाची अरुंद पट्टी दाराच्या कडेंत धरून दार बंद करावें आणि ती ओढून पाहावी; सहज निसटली तर त्या जागीं कड टेकत नाहीं असें समजावें. कडेला खडूची पूड लावली तर ती समोरच्या कांठावर कोठें उमटली आणि कोठें नाहीं हेंही कळतें. मात्र हीं सर्व परीक्षणें जमिनीवरचीं आहेत, आणि जमिनीवर घट्ट दिसणारें दार आकाशांत तसेंच राहील असा भरंवसा नसतो. वर सांगितलेल्या दाराचें क्षेत्रफळ पावभर चौरस मीटरही नाहीं. तरी पण आंत-बाहेरच्या दाबांतील फरकामुळें ताशीं १०० किलोमीटर वेगाला त्यावर दोन किलोंहून थोडी अधिक ओढ बसूं शकते, आणि २०० किलोमीटरांना साडेआठ किलोंपर्यंत. दार बंद धरणाऱ्या काड्या किंवा स्प्रिंगा लेच्यापेच्या असतील तर तें वेगाबरोबर किलकिलें होत जातें, आणि ज्या वेळीं फट अगदीं नको त्याच वेळीं ती मोठी होते. म्हणून पट्ट्या चिकटविण्यापूर्वी दार ओढून धरणारी यंत्रणा तपासणें हें शहाणपणाचें. ढिल्या दाराला कितीही उंची पट्टी लावली तरी तिचा उपयोग नाहीं.

त्यानंतर प्रत्येक फटीला तिच्या स्वभावाप्रमाणें वागवावें लागतें. बिजागरीची बाजू सर्वांत सोपी. तेथें लवचिक चिकटपट्टी बाहेरून कायमची लावून टाकतात. दार खालीं झुकतांना ती ताणली न जातां दुमडते, त्यामुळें पुष्कळ दिवस टिकते. मधल्या फटीला एका पाखाच्या आंतल्या अंगास पातळ ओठ काढून दुसरें पाख त्यावर टेकवावें, ही सुताराची जुनी युक्ति. खिडकीच्या झडपांना ती घरोघर असते. परंतु त्यांत क्रम संभाळावा लागतो: ओंठाचें पाख आधीं मिटलें पाहिजे आणि उघडतांना मागाहून उघडलें पाहिजे. घरांत हें काम मनुष्य न चुकतां करतो. ग्लायडरमध्यें दोन्ही पाखें एकाच दांड्यावर चालत असल्यामुळें ओठ अडकण्याची भीति राहते. म्हणून ताठ ओंठाऐवजीं सहज वाकणारी पातळ पट्टी पत्करतात.

टोंकांच्या आणि उरलेल्या फटींसाठीं फोमची, नमद्याची किंवा मऊ रबराची पट्टी वापरतात. येथें एक चूक फार जणांच्या हातून होते. फट मोठी दिसते म्हणून जाड, ताठ पट्टी लावली जाते. ती दाबली जात नाहीं. उलट तीच दाराला बाहेर ढकलते. एका टोंकाची गळती थांबते आणि दुसऱ्या टोंकाला दार उंचावून नवी फट पडते. पट्टी इतकी मऊ असावी कीं दाराला तिचा भारच वाटूं नये. याहून सुबक रीत ओतीव पट्टीची आहे. दाराच्या कडेला मेण किंवा न चिकटणारा पातळ पडदा लावतात, समोरच्या चौकटीवर ओल्या सिलिकोन रबराची धार सोडतात, आणि दार हळूच मिटून रात्रभर तसेंच ठेवतात. सकाळीं उघडलें कीं रबर चौकटीला धरून राहिलेलें असतें आणि दाराच्या कडेचा ठसा त्यांत हुबेहूब उतरलेला असतो. जेथें फट तीन मिलिमीटर तेथें तीन, जेथें अर्धा तेथें अर्धा. जास्तीचें पात्यानें कापून टाकावयाचें. वेळ लागतो, पण पट्टीच्या जाडीचा प्रश्नच उरत नाहीं.

तरी जाणते लोक सांगतात कीं दाराची गळती दारापाशीं थांबविणें हा अर्धाच उपाय आहे. मुळांत चाकाच्या खोबणींत हवा येते कोठून? चालकाच्या बैठकीमागून आणि शेपटीकडच्या पोकळींतून. तेव्हां खोबणीला आंतून पेटीसारखें बंद करावें, दांडे आणि तारा जेथून जातात त्या भोंकांना कापडाच्या किंवा चामड्याच्या सैल पिशव्या बांधाव्या, म्हणजे दारावर आंतून येणारा दाबच नाहींसा होतो. आणि नाकांतून आंत घेतलेल्या हवेला बाहेर जाण्यास एक नीट वाट द्यावी. कांहीं ग्लायडरांत चालकाच्या मागें धडाच्या पाठीवर मागच्या दिशेनें तोंड असलेलें लहान द्वार त्यासाठीं ठेवतात. तेथून हवा प्रवाहाच्याच दिशेनें हलकेच निघून जाते. अशी वाट न देतां एकेक फट बुजवीत बसलें तर कोंडलेली हवा पुढची दुबळी फट शोधून काढते. कालपर्यंत दारांतून येणारा सूं-सूं आवाज आज चालकाच्या कानाशीं झांकणाच्या कडेंतून येऊं लागतो.

येथपर्यंतची गोष्ट लाभाची झाली. या कामाची दुसरी बाजू उत्साही मंडळी पुष्कळदां विसरतात, आणि ती जिवाशीं जाऊन भिडते. कित्येक ग्लायडरांत दोराचा आंकडा चाकाच्या अगदीं पुढेंच, दाराला लागून असतो. विंचनें चढतांना दोर सुटला नाहीं तर काय होईल हें निराळें सांगावयास नको. म्हणून तो आंकडा चालकाच्या ओढीनें सुटतो, आणि तसें न झाल्यास दोराची दिशा मागें गेल्यावर आपोआप सुटतो. या आंकड्याच्या हालचालींत पट्टीचें एखादें सुटलेलें टोंक किंवा सिलिकोनचा वाळलेला थेंब आला तर शेंकडा पाऊण एकाच्या लाभासाठीं केवढें संकट ओढवून घेतलें असें होईल. तेव्हां आंकड्याच्या आसपासची बोटभर जागा गळत असली तरी गळूं द्यावी. त्या जागेच्या बाबतींत काटकसर करणें हा कंजूषपणा नव्हे तर वेडेपणा होय.

दुसरा धोका चाक न उघडण्याचा. चिकट रबर उन्हांत तापून समोरच्या रंगाला धरून बसतें. तेंच पांच हजार मीटर उंचीवर, जेथें पाणी गोठतें, तेथें लांकडासारखें ताठ होतें. ओल्या गवतावरून उडालेल्या ग्लायडरच्या चाकाबरोबर चिखलपाणी खोबणींत जातें. दार पूर्वी गळत होतें तेव्हां तें पाणी निथळून जाई. आतां दार घट्ट झालें म्हणजे तें आंतच सांचतें आणि वर गेल्यावर दाराच्या कडेवर बर्फ धरतें. चालक उतरावयास येतो, दांडा ओढतो, आणि दांडा हालत नाहीं. पोटावर उतरलेल्या ग्लायडरमधून चालक बहुधा सुखरूप निघतो, परंतु घोटून नितळ केलेलें तें पोट खरवडून निघतें. चाकाअभावीं आपटण्याचा धक्का थेट पाठीच्या कण्याला बसतो, तो निराळाच. म्हणून खोबणीच्या सर्वांत खालच्या जागीं पेन्सिलीएवढें एक छिद्र मुद्दाम ठेवावें. त्यांतून थोडी हवा जाईल, जाऊं द्यावी. पट्टीच्या घासणाऱ्या अंगाला मेण किंवा टाल्क पूड लावावी. आणि पट्टी लावून झाल्यावर ग्लायडर घोडीवर चढवून चाक वीस-पंचवीस वेळां आंत-बाहेर करून पाहावें; तेंही दुसऱ्या कोणी नव्हे तर बैठकीचे पट्टे आंवळून बसलेल्या चालकानें, ज्या हातानें आकाशांत ओढावयाचें त्याच हातानें. जमिनीवर दोन्ही हातांनीं ओढून "उघडतें कीं" म्हणणें ही परीक्षा नव्हे. फेरफार परवानाधारक तपासनिसाला दाखवून नोंदवहींत लिहून ठेवणें ओघानेंच आलें.

एवढा खटाटोप करून मिळालें किती, हें पाहण्याची उत्सुकता साहजिक आहे. मैदानावर अशीं बोलणीं नेहमीं ऐकूं येतात कीं, दार बुजविलें आणि ग्लायडर दोन मीटरांनीं सुधारला. ४० चे ४२ झाले. या बोलण्यावर थोडा संशय घेतलेला बरा. ताशीं १०० किलोमीटर वेगाला आपला ग्लायडर सेकंदाला सुमारें ७० सेंटिमीटर खालीं येतो. त्यांत शेंकडा एकाची सुधारणा म्हणजे सेकंदाला ७ मिलिमीटर. अगदीं शांत दिसणाऱ्या दुपारच्या हवेंतही याच्या कितीतरी पट उठाव आणि उतार चाललेला असतो. म्हणून एका उड्डाणावरून कांहींच ठरत नाहीं. आर-जे-५ चे तेच जॉन्सन पुढें अमेरिकेचे अकरा वेळां विजेते झाले, आणि त्यांनीं निरनिराळ्या ग्लायडरांच्या परीक्षा घेऊन त्यांचे वृत्तांत 'सोअरिंग' या अमेरिकन मासिकांत वर्षानुवर्षें दिले. त्यांची रीत अशी कीं शांत हवेंत ग्लायडर उंच ओढून न्यावयाचा, एकेक वेग स्थिर धरून उतरण्याचा काल घड्याळावर टिपावयाचा, आणि तेंच निरनिराळ्या दिवशीं पुनः करावयाचें. जर्मनींत इडाफ्लीग ही विद्यार्थ्यांच्या विमानमंडळांची संघटना ज्याचे गुण पूर्वीच मोजून ठेवले आहेत असा एक ग्लायडर शेजारीं उडवून दोघांच्या उंचींतील फरक पाहते, म्हणजे हवेचा स्वतःचा चढउतार दोघांनाही सारखाच लागून हिशेबांतून निघून जातो. ज्याला एवढी साधनें नाहींत त्यानें निदान आपल्या बरोबरीच्या जोडीदाराशीं सकाळच्या निवांत हवेंत, पट्टी लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, समांतर उडून पाहावें.

पट्टी बसली, मोजून झाली, तरी काम संपलें असें होत नाहीं. ऊन स्तंभ न सांपडल्यामुळें एखाद्या दिवशीं नांगरलेल्या शेतांत उतरावें लागतें; तेव्हां ढेकळें आणि गवताचीं पातीं दाराच्या ओंठाशीं घट्ट बसतात. तसेंच चाक आंत ओढलें तर दार अर्धवट मिटतें आणि महिनाभर जपलेली पट्टी एका उड्डाणांत फाटते. म्हणून अनुभवी चालकाच्या पिशवींत चिकटपट्टीच्या भेंडोळ्याबरोबर एक जुना दांत घासण्याचा ब्रश असतो. शेतांतून ग्लायडर उचलून आणला कीं पंख पुसण्याच्या आधीं तो पोटाखालीं शिरतो आणि दाराची कड टोंकापासून टोंकापर्यंत साफ करतो.